मूठ, चाप आणि दहा मीटर : मर्यादित खर्चात स्पर्धेचे एअर पिस्तूल निवडताना

दहा मीटर एअर पिस्तूल हा नेमबाजीतल्या कमीत कमी जागेत मावणाऱ्या आणि कमीत कमी आवाजाच्या ऑलिंपिक प्रकारांपैकी एक आहे. त्यात दारू जळत नाही आणि काडतूस लागत नाही. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा दहा मीटरवरील लक्ष्यावर जातो आणि नेमबाजाने ते पिस्तूल एकाच हातात, हात पूर्ण लांब करून, कोणत्याही आधाराविना धरलेले असते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून हा प्रकार पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत खेळला जातो. २०२४ साली पॅरिसमध्ये मनू भाकर हिने त्यात वैयक्तिक कांस्यपदक मिळवले आणि सरबज्योत सिंग याच्या साथीने मिश्र सांघिक कांस्यपदकही जिंकले. त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक पटकावले. या यशानंतर छंद म्हणून नेमबाजीकडे वळू पाहणाऱ्या मराठी घरांत पहिला प्रश्न पैशांचा निघतो, आणि तो रास्त आहे, कारण युरोपात तयार झालेल्या स्पर्धेच्या नव्या पिस्तुलाची किंमत भारतात लाखाच्या पुढे जाते. मात्र त्या किमतीतील नेमका कोणता भाग नेमबाजाच्या गुणांत उतरतो आणि कोणता उतरत नाही हे कळले, तर निवड बरीच सोपी होते. मर्यादित खर्चात पैसा दोनच गोष्टींवर लावावा, हातात बसणाऱ्या मुठीवर आणि स्वच्छ सुटणाऱ्या चापावर. वेग, दिसणे आणि नावलौकिक यांचा विचार त्यानंतर करावा.

हौशी नेमबाजाने एअर पिस्तुलापासूनच आरंभ का करावा, याचे उत्तर प्रथम कायद्यात सापडते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी ज्या पंचवीस मीटर प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, त्यात ५.६ मिलिमीटरचे, म्हणजे बोलीभाषेत पॉइंट टू-टूचे, काडतुसाचे पिस्तूल वापरले जाते; ते बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो, काडतुसांवर मर्यादा असते आणि सरावासाठी खास बांधलेली रेंज लागते. हवेच्या शस्त्रांबाबत शस्त्र नियम, २०१६ यांनी घातलेली सीमा वेगळी आहे. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक नसेल आणि छर्रा नळीच्या तोंडातून बाहेर पडताना त्याची ऊर्जा २० जूलपेक्षा अधिक नसेल, तर परवान्याची आवश्यकता नसते. खरेदीदार अठरा वर्षांचा असावा लागतो आणि विक्रेत्याला ओळख व पत्ता यांचे पुरावे द्यावे लागतात. स्पर्धेच्या पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेगाने सुटतो, म्हणजे त्याची ऊर्जा साडेपाच ते सहा जूलच भरते आणि कायद्याची सीमा तिच्या तिपटीहून दूर राहते. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणे ठरत नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे; दहा मीटरवरून तो छर्रा डोळा फोडू शकतो, आणि म्हणून पिस्तूल कुलपाच्या पेटीत ठेवणे, छर्रा भरलेला असो वा नसो नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने ठेवणे आणि नेम धरेपर्यंत चापावर बोट न ठेवणे हे नियम घरातील सरावालाही तितक्याच कडकपणे लागू होतात.

'स्पर्धेचे' हे विशेषण जाहिरातीत सैल वापरले जात असले, तरी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत त्याला मोजता येणारा अर्थ आहे. पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा अधिक असू नये, ते सर्व जोडण्यांसह ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावे, नेम उघड्या साइटनेच धरावा, म्हणजे दुर्बीण किंवा लाल ठिपक्याचे उपकरण नसावे, मुठीने मनगटाला आधार देऊ नये आणि चाप किमान ५०० ग्रॅम भार पेलणारा असावा. या शेवटच्या अटीची तपासणी सोपी आहे: चापाला ५०० ग्रॅमचे वजन लटकवून पिस्तूल नळी उभी ठेवून उचलतात आणि वजन जमिनीवरून उचलले जाईपर्यंत चाप सुटता कामा नये. इतक्या अटी पुष्कळच पिस्तुले पूर्ण करतात. खरा फरक नियमपुस्तकात ज्यांची सक्ती नाही अशा गुणांत असतो, आणि ते गुण कोणते हे समजण्यासाठी आधी लक्ष्याचे गणित पाहावे लागते.

लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे जवळपास सदऱ्याच्या बटणाएवढे असते. त्याबाहेरचे नऊचे वर्तुळ २७.५ मिलिमीटरचे, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढे असते, आणि तेथून पुढे प्रत्येक वर्तुळाचा व्यास सोळा मिलिमीटरने वाढत एक गुणाच्या १५५.५ मिलिमीटर वर्तुळापर्यंत जाते. नेमबाज पिस्तुलाच्या मागच्या पट्टीतील चौकोनी खाचेतून, म्हणजे रिअर साइटमधून, नळीच्या टोकावरील उभा दांडा, म्हणजे फ्रंट साइट, पाहतो. दांड्याच्या दोन्ही बाजूंना सारखा प्रकाश दिसला आणि त्याचे डोके खाचेच्या वरच्या कडेशी सपाट आले की नेम जुळला असे मानतात. आता या दोन साइटमधील अंतर ३३० मिलिमीटर धरले आणि दांडा खाचेत फक्त एक मिलिमीटर सरकला, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर बाजूला जातो आणि दहाऐवजी सात गुण पडतात. उलट, साइट अचूक जुळलेल्या असताना सगळा हातच पाच मिलिमीटर बाजूला डोलला, तर छर्राही तेवढाच, पाच मिलिमीटर, सरकतो आणि गुण दहाच राहतात.

नवशिक्यांना हे सहसा कोणी नीट समजावून सांगत नाही, पण पिस्तूल नेमबाजीचे जवळपास सगळे रहस्य या दोन आकड्यांच्या तफावतीत आहे. हात डोलणारच, कारण माणसाचा लांब केलेला हात स्थिर राहण्यासाठी घडलेलाच नाही, आणि त्या डोलण्याची शिक्षा सौम्य असते. मनगटात किंवा बोटांत निर्माण होणाऱ्या कोनाच्या चुकीची शिक्षा मात्र तीसपट असते. कोनाची ही चूक दोन ठिकाणांहून येते. मूठ हातात प्रत्येक वेळी किंचित निराळी बसली की मनगट नकळत तिची भरपाई करू लागते, आणि चाप ओढताना तो जड, खरखरीत किंवा अडखळणारा असला की सुटण्याच्या क्षणी बोट सगळ्या पिस्तुलालाच फिरवते. म्हणून मूठ आणि चाप यांवरील खर्च गुणांत दिसतो. नळीची अचूकता त्या मानाने क्वचितच आडवी येते. मध्यम किमतीचे चांगले पिस्तूल पकडीत घट्ट बसवून योग्य छर्ऱ्यांनी चालवले, तर त्याचे छर्रे दहाच्या वर्तुळाच्या आसपास एकत्र पडतात, आणि हौशी नेमबाजाचा हात तितका अचूक व्हायला कित्येक वर्षे जावी लागतात.

स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते, उजव्या किंवा डाव्या हातासाठी स्वतंत्र घडवलेली असते आणि लहान, मध्यम, मोठा अशा मापांत मिळते. तळहाताच्या खालच्या कडेला टेकणारी सरकती पट्टी, जिला पाम शेल्फ म्हणतात, तीही वरखाली करता येते. माप निवडताना दुकानातील सल्ल्यापेक्षा एक साधी चाचणी अधिक विश्वासार्ह ठरते: पिस्तूल नीट पकडून हात खाली सोडावा, डोळे मिटून तो नेहमीच्या उंचीला उचलावा आणि डोळे उघडावेत. फ्रंट साइट खाचेच्या मध्यावर किंवा तिच्या अगदी जवळ दिसली, तर मूठ हाताशी जुळते. ती सतत डावीकडे किंवा वर पळालेली दिसली, तर मनगटाला जन्मभर तिच्याशी भांडावे लागेल. लाकडी मुठीचा मोठा फायदा असा की ती कानशीने घासता येते आणि जेथे पोकळी राहते तेथे लाकडाच्या लांबीने भरता येते, आणि अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली केलेले हे शे-दोनशे रुपयांचे काम काही वेळा नव्या पिस्तुलाइतका फरक पाडते. प्लॅस्टिकच्या, दोन्ही हातांना चालणाऱ्या मुठीत ही सोय नसते. डावखुऱ्यांनी उजव्या मुठीवर भागवू नये. तसेच लहान हाताच्या व्यक्तीने, विशेषतः किशोरवयीन मुलामुलींनी, 'पुढे हात मोठा होईल' या हिशेबाने मोठी मूठ घेऊ नये, कारण तोपर्यंत चुकीची पकड अंगवळणी पडते.

चापाबद्दल बोलताना दोन टप्प्यांचा चाप ही संकल्पना समजून घ्यावी लागते. पहिल्या टप्प्यात बोट हलका भार पेलत चाप मागे आणते आणि एका स्पष्ट भिंतीपाशी थांबते. दुसऱ्या टप्प्यात अगदी थोडा जास्त भार पडला की चाप सुटतो. पाचशे ग्रॅमपैकी बहुतांश भार पहिल्या टप्प्यात घ्यावा आणि दुसऱ्यासाठी थोडाच उरावा, अशी मांडणी पुष्कळ नेमबाज पसंत करतात, कारण मग शेवटच्या क्षणी बोटाला करावे लागणारे काम कमी होते. चांगल्या चापात या दोन्ही टप्प्यांचे भार, चापाची लांबी, त्याचा कोन आणि सुटल्यानंतर तो कोठे थांबावा हे सर्व छोट्या स्क्रूंनी जुळवता येते. याउलट काही स्वस्त पिस्तुलांचा चाप पिस्तुलाच्या स्वतःच्या वजनाहून अधिक भार मागतो. एक किलोची वस्तू स्थिर धरून तिच्यावर दीड किलोचा जोर एका बोटाने द्यायचा असेल, तर ती हलणार नाही अशी अपेक्षा कोणाकडूनही करता येत नाही. उच्च श्रेणीच्या काही पिस्तुलांत इलेक्ट्रॉनिक चाप असतो, जो बॅटरीवर चालतो आणि फार स्वच्छ सुटतो. छंदासाठी त्यावर जादा खर्च करण्याचे कारण नाही, कारण उत्तम जुळवलेला यांत्रिक चाप तेच काम करतो आणि त्याची दुरुस्ती सोपी असते.

याच संदर्भात ड्राय फायर या सोयीचा आग्रह धरावा. छर्रा आणि हवा न भरता चाप ओढण्याचा सराव करता यावा, यासाठी स्पर्धेच्या पिस्तुलांत स्वतंत्र कळ किंवा यंत्रणा असते. साध्या स्प्रिंगच्या पिस्तुलात मात्र छर्ऱ्याशिवाय चाप सोडला की दट्ट्या जोराने आदळून सील आणि स्प्रिंग खराब होतात. ज्याच्या गावात रेंज नाही किंवा आठवड्यातून एकदाच जाणे जमते, अशा नेमबाजाला घराच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून रोज वीस मिनिटे करता येणारा हा सराव फुकट मिळतो, आणि कोऱ्या भिंतीवर लक्ष्य नसल्यामुळे नजर आपोआप साइटवर राहते. मर्यादित खर्चाच्या दृष्टीने ही एकच सोय इतकी मोलाची आहे की ती नसलेले पिस्तूल निम्म्या किमतीतही महाग पडते.

हवा कशी दाबली जाते यावरून एअर पिस्तुलांचे चार प्रकार होतात आणि किंमत बरीचशी त्यावर अवलंबून असते. स्प्रिंगच्या पिस्तुलात चाप सुटल्यावर जड दट्ट्या धावतो, आणि छर्रा नळीत असतानाच पिस्तूल आधी मागे व मग पुढे असा दुहेरी झटका देते. फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपनीने १९६० च्या दशकात आपल्या ६५ क्रमांकाच्या पिस्तुलात सगळा भाग एका घसरत्या पट्टीवर बसवून हा झटका हाताला जाणवणार नाही अशी व्यवस्था केली आणि ते पिस्तूल अनेक वर्षे स्पर्धांत गाजले. अशी व्यवस्था नसलेले साधे, नळी मोडून भरण्याचे स्प्रिंग पिस्तूल अचूक नेमबाजी शिकण्यासाठी अपुरे पडते, कारण पकडीतील लहानशा फरकानेही त्याचा मारा सरकतो आणि चूक हाताची की यंत्राची हे शिकणाऱ्याला कळत नाही.

दुसरा प्रकार कार्बन डायऑक्साइड वायूचा. द्रवरूप वायूची वाफ छर्ऱ्याला ढकलते, आणि तिचा दाब तापमानाबरोबर बदलतो. वीस अंश सेल्सिअसला तो साधारण ५७ बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे सत्तावन्नपट, असतो, ३१ अंशांपुढे तर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. विदर्भातील मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या रेंजवर, असे पिस्तूल सकाळी एका उंचीवर आणि दुपारी दुसऱ्या उंचीवर मारते. या वायूवर चालणारी, लष्करी पिस्तुलांची हुबेहूब नक्कल असलेली, पोलादी गोळ्या उडवणारी स्वस्त पिस्तुले बाजारात भरपूर दिसतात. त्यांची नळी बहुधा आतून गुळगुळीत असते, म्हणजे छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा तिच्यात नसतात, पोलादी गोळी कठीण पृष्ठभागावरून उलटून येते, आणि खऱ्या शस्त्राशी असलेले साम्य सार्वजनिक जागी गंभीर अडचणीत आणू शकते. लक्ष्यवेधासाठी त्यांचा विचारच करू नये.

तिसरा प्रकार एका झटक्यात हवा दाबण्याचा, ज्याला सिंगल स्ट्रोक न्यूमॅटिक म्हणतात. पिस्तुलाची दांडी एकदा उघडून मिटली की एका छर्ऱ्यापुरती हवा दाबली जाते. दर वेळी हवा तेवढीच असल्याने वेग विलक्षण सारखा राहतो, झटका नगण्य असतो आणि सिलिंडर, पंप, गॅस यांपैकी काहीच लागत नाही. रशियातील इझेव्स्कचे आयझेडएच-४६ हे पिस्तूल या प्रकाराचा नमुना मानले जाते, आणि जगभरच्या काटकसरी नेमबाजांच्या पिढ्या त्यावर शिकल्या आहेत, तरी नवे मिळणे आता कठीण झाले आहे. वाइराउख या जर्मन कंपनीचे एचडब्ल्यू-७५ आणि इटलीचे एफएएस ६००४ ही याच तत्त्वाची पिस्तुले आहेत. या प्रकाराची एकच खरी उणीव म्हणजे श्रम. स्पर्धेत ७५ मिनिटांत साठ छर्रे मारावे लागतात, त्याआधी साइट जुळवण्याचे वेगळेच, आणि ऐंशीएक वेळा दांडी ओढल्यावर हात थरथरू लागतो. छंद म्हणून एका बैठकीत तीस-चाळीस छर्रे मारणाऱ्या प्रौढ व्यक्तीला मात्र हे श्रम सहज झेपतात, आणि रेंज दूर असलेल्या तालुक्याच्या ठिकाणी, जेथे उच्च दाबाची हवा भरून देणारे कोणी नाही, तेथे हाच प्रकार सर्वांत शहाणपणाचा आहे.

चौथा प्रकार आज आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जवळपास एकमेव उरला आहे: आधीच दाबलेल्या हवेचे सिलिंडर नळीखाली बसवलेले असते, त्यात साधारण २०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दोनशेपट दाबाने हवा भरतात आणि दाबनियंत्रक प्रत्येक छर्ऱ्याला सारखी हवा सोडतो. ऑस्ट्रियाचे स्टायर, जर्मनीचे वाल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, इटलीचे पार्डिनी, स्वित्झर्लंडचे मोरिनी ही त्यातील परिचित नावे होत. या पिस्तुलांत एकमेकांना हरवणारे असे फारसे काही नाही. निवड मूठ कोणती बसते आणि दुरुस्ती कोठे मिळते यावर करावी. दुरुस्तीचा मुद्दा गौण नाही, याची साक्ष टोकियो ऑलिंपिकने दिली: २०२१ च्या जुलैत पात्रता फेरी चालू असताना पिस्तूल बिघडल्याने मनू भाकरचा मौल्यवान वेळ गेला आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानी राहून अंतिम फेरीला मुकली. जगातील उत्तम यंत्रही बिघडते. हौशी नेमबाजाने निदान सील, स्प्रिंग आणि स्क्रू आपल्या राज्यात मिळतील एवढे पाहावे. सिलिंडरबरोबर येणारा खर्चही मोजावा, कारण हवा भरण्यासाठी मोठी टाकी किंवा हातपंप लागतो आणि हातपंपातून ओलसर हवा आत जाऊन दाबनियंत्रक गंजू नये म्हणून ती कोरडी करणारा फिल्टर लागतो, जो कोकणातील पावसाळ्यात अनिवार्यच समजावा.

या सगळ्याचा विचार केला तर मर्यादित खर्चाच्या नेमबाजासाठी सर्वांत चांगली खरेदी बहुधा दुकानात नसून क्लबात असते. स्पर्धेत पुढे गेलेले नेमबाज काही वर्षांनी नवे पिस्तूल घेतात आणि जुने विकतात. ते जुने पिस्तूल तोवर हजारो छर्रे मारूनही नळीच्या दृष्टीने तरुणच असते, कारण शिशाचा मऊ छर्रा पोलादी नळीला फारसे झिजवत नाही. मात्र सिलिंडर जुने होते. बहुतेक उत्पादक सिलिंडरची मुदत निर्मितीपासून दहा वर्षे ठरवतात, तारीख सिलिंडरवर कोरलेली असते आणि मुदत उलटलेले सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत नाकारले जाऊ शकते, म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या पिस्तुलाच्या किमतीत नव्या सिलिंडरची किंमत मिळवूनच सौदा ठरवावा. सिलिंडर भरून रात्रभर ठेवून दाबमापकाचा काटा सकाळी तेथेच आहे का हे पाहावे. चापावर ५०० ग्रॅमचे वजन लटकवून तपासावे. स्क्रूंची डोकी झिजलेली नसावीत. टेबलावर आधार घेऊन दहा छर्रे मारावेत आणि ते एकाच भोकाभोवती जमतात का ते पाहावे. आणि मूळ बिल व आयातीची कागदपत्रे मागावीत, कारण कागदाविना आलेले पिस्तूल कितीही चांगले असले तरी घेऊ नये.

त्याहून आधीचा सल्ला असा की पहिले काही महिने काहीच विकत घेऊ नये. मुंबईतील वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, पुण्यातील बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, कोल्हापूरची दुधाळी रेंज यांसारख्या ठिकाणांमुळे महाराष्ट्रात नेमबाजीची मुळे खोल गेली आहेत. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी असलेल्या स्पर्धेला ज्यांचे नाव आहे ते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, हे मराठीच होते आणि १९५१ साली स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. अनेक क्लबांत नवशिक्यांना क्लबचे पिस्तूल वापरायला मिळते. दोन-तीन निरनिराळी पिस्तुले हाताळल्यावर आपल्या हाताचे माप, आपली चिकाटी आणि आपली खरी आवड या तिन्ही गोष्टी कळतात, आणि मगच खर्च करावा.

पिस्तुलावर सगळी रक्कम संपवणे ही नेहमीची चूक आहे. आठवड्यातून तीन दिवस साठ-साठ छर्रे मारले, तर वर्षाला नऊ हजारांहून अधिक छर्रे लागतात, म्हणजे पाचशेच्या अठरा-एकोणीस डब्या. छर्रे सपाट तोंडाचेच घ्यावेत, कारण ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण वाचता येतात. त्यांच्या डोक्याचा व्यास ४.४८ पासून ४.५१ मिलिमीटरपर्यंत निरनिराळा मिळतो, तेव्हा एकेक डबी आणून आपल्या नळीला कोणता मानवतो ते पाहावे आणि मग त्याचाच साठा करावा. शिसे विषारी असल्याने सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, आणि मुलांच्या बाबतीत हा नियम पालकांनी स्वतः पाळून घ्यावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी चष्म्याचा खर्चही धरावा: नेमबाजाला लक्ष्य नव्हे तर फ्रंट साइट स्पष्ट दिसावी लागते, ती लांब केलेल्या हाताच्याही थोडी पुढे असते, आणि ते अंतर सांगून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून करून घेतलेली एक काच कित्येकदा नव्या पिस्तुलापेक्षा अधिक गुण मिळवून देते. पावसाळ्यात पिस्तूल स्पंजाच्या पेटीत महिनोन्‌महिने बंद ठेवू नये, कारण स्पंज ओल धरतो. पोलादी भागांवर तेलाचा हलका हात फिरवून ते कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह आणि कुलपात ठेवावे.

महाराष्ट्रातील ज्या नेमबाजांनी नवे पिस्तूल घेतल्यावर जुने कपाटात ठेवून दिले आहे, त्यांच्याकडे एक मागणे करावेसे वाटते. ते पिस्तूल त्यांनी कागदपत्रांसह आपल्या जिल्ह्याच्या क्लबाला वाजवी किमतीत किंवा वापरासाठी द्यावे, आणि क्लबांनी अशी दोन-चार पिस्तुले, लहान व मोठ्या मुठींची, उजव्या व डाव्या हातांची, नव्या मुलांसाठी राखून ठेवावीत. लाखाची रक्कम उभी करू न शकणाऱ्या घरातील मुलाच्या किंवा मुलीच्या हातात स्पर्धेचे पिस्तूल येण्याचा याहून जवळचा मार्ग आज नाही.